आकडा

बाबांचं हस्ताक्षर मला लोखंडात ओळखू येतं.
कागदावर त्यांनी फारसं काही लिहिलंच नाही,
पण रिंगचं टोक वळवताना मनगट शेवटी
जरा डावीकडे झटकायचे,
तो झटका सळईत तसाच राहून जायचा.

म्हणून पोर्तोव्हिएहोच्या बाजारामागे,
तीन मजले अंगावर घेऊन बसलेल्या औषधांच्या दुकानाशी
कीतोहून आलेल्या इंजिनियर बाईंनी टॉर्च मारून विचारलं,
"ही बांधणी कुणाची?"
तेव्हा उत्तर मला माहीत होतं.
बाबा शेजारीच उभे होते. टोपी हातात.

कोपऱ्यातला खांब. वरचं काँक्रीट
सालपटासारखं गळून गेलेलं,
आत आठ उभ्या सळया, बाहेरच्या बाजूला फुगलेल्या,
काहीतरी मोठं बळजबरीनं निसटून गेल्यावर
पिंजरा दिसेल तशा.
दोन रिंगांमध्ये माझी अख्खी वीत मावली.
नकाशात निम्मी होती.

बाई हळू बोलत होत्या,
नातेवाइकांना आजार समजावून सांगावा तसं.
खांब डोलतो, तेव्हा या अंगाची सळई आधी ताणली जाते.
लांबते. थोडीशीच, पण ते थोडंसं परत जात नाही.
मग खांब उलटा झुकतो, आणि तीच सळई दाबली जाते.
वाढलेली लांबी तिनं ठेवायची कुठे?
वर मजले, खाली पाया, आत गच्च गाभा.
बाहेरचं सालपट तेवढ्यात पडलेलं असतं.
मग ती बाहेर जाते.
जवळच कुणी धरून ठेवणारं असेल तर नाही जात.

एक सळई मधोमध तुटली होती.
"ही वाकताना मोडली?" मी विचारलं.
"परतीच्या हेलकाव्यात," बाई म्हणाल्या. "सरळ होताना."

मोडेन पण वाकणार नाही, असं माणसं छाती काढून म्हणतात.
लोखंडाचा क्रम वेगळा आहे.

रिंगांची टोकं काटकोनात होती.
काटकोन एका झटक्यात होतो.
टोक आत, गाभ्यात शिरवायचं तर दुसरा झटका लागतो,
आणि दिवसाला चारशे रिंगा, आणि मालक
गाडीतून न उतरता हॉर्न वाजवणारा.
भार आला तसे ते आकडे उघडले,
झोपेत मूठ सुटावी तसे.

"माझी," बाबा म्हणाले.
बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मी वाकून पाहिलं:
नाव नव्हतं. फक्त अंतर, सेंटिमीटरमध्ये.

आई पीलेच्या टेकडीवरची, टोप्या विणणाऱ्यांच्या घरातली.
पहाटेच विणते, उन्हात गवत कडक होतं म्हणून.
बोटाच्या पेरात फेरे कमी भरले तर दलाल
टोपी उजेडासमोर धरतो
आणि काही न बोलता परत देतो.
त्या रात्री तिनं एवढंच विचारलं,
"तुमच्याकडे उजेडासमोर कुणी धरत नाही का, फेर्मिन?"
बाबांनी तळलेलं केळं ताटाच्या कडेला सारलं.
"काँक्रीट ओतलं की आत अंधारच असतो," ते म्हणाले.

त्या शनिवारी दुकानात किती जण होते
तो आकडा आमच्या घरात कुणी उच्चारत नाही.

आता बाबांना मोठी कामं मिळत नाहीत. मागतही नाहीत.
शेजारच्या दिओसेलिनाबाईंना कोंबड्यांसाठी खुराडं हवंय,
चार खांब, कमरेएवढे.
अर्ध्या अर्ध्या वितीवर रिंगा बघून ती हसली,
"डॉन फेर्मिन, अहो, कोंबड्यांना एवढं?"

बाबा हसले नाहीत. फळीवर सळई धरली,
मनगट झटकलं, जरा डावीकडे.
मग दुखऱ्या हातानं पुन्हा एकदा,
आत.